ट्रायथलॉनसाठी ऑनलाइन प्रशिक्षक नेमण्यापूर्वी

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली आयर्नमॅन ७०.३ ही ट्रायथलॉन स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हापासून आमच्या नाशिकमधलेही अनेक नोकरदार १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे सलग पूर्ण करण्याच्या तयारीला लागले. पहाटेचे दोन तास सोडले तर हाताशी वेळ नसलेल्या माणसाला सरावाचे वेळापत्रक दुसऱ्या कोणी आखून द्यावे असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि नेमक्या याच गरजेवर एका ऑनलाइन प्रशिक्षकाने आम्हा काही जणांना गंडवले.

वर्षाची फी आगाऊ घेऊन प्रत्येकाचे वय, नोकरीच्या वेळा आणि तब्येत पाहून स्वतंत्र वेळापत्रक देण्याचे त्याचे आश्वासन होते. दर रविवारी संध्याकाळी ते येतही असे. मात्र डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे आमच्याकडे सायकलसाठी वर्षातला सर्वांत उत्तम काळ असताना, लांब पल्ल्याची सायकल घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवण्याच्या उपकरणावर) चालवायची होती. उघड्या तलावातल्या पोहण्याचा सराव मे महिन्याआधी नव्हताच. आणि चार-चार तासांच्या बाहेरच्या फेऱ्या ऐन उन्हाळ्यात आणि नंतर भर पावसात येत होत्या. हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या एखाद्या देशातल्या खेळाडूसाठी केलेले वेळापत्रक जसेच्या तसे उचललेले होते. याविषयी विचारले असता, गोव्यातल्या उष्म्याची शरीराला सवय व्हावी म्हणून मे महिन्यातले ऊन मुद्दाम ठेवले आहे, असे उत्तर मिळाले. ऐकायला ते पटण्याजोगे वाटते, पण उष्म्याची सवय साधारण दोन आठवड्यांत होते आणि सराव थांबला की काही आठवड्यांत ओसरते, त्यामुळे मे महिन्यातल्या घामाचा पावसाळ्यानंतरच्या स्पर्धेत काहीही उपयोग नसतो.

सायकलच्या सरावाचे आकडे वॅटमध्ये दिलेले असत, आणि माझ्या सायकलला पॉवर मीटर (पायडलवर लावलेली ताकद वॅटमध्ये मोजणारे यंत्र) नाही हे मी पहिल्याच अर्जात लिहून दिले होते. पुढे त्याच्याकडेच प्रशिक्षण घेणाऱ्या कोल्हापूरच्या एका ताईंशी ओळख झाली. त्या माझ्याहून बऱ्याच लहान, शिवाय उत्तम पोहणाऱ्या; तरीही त्यांच्या आणि माझ्या वेळापत्रकातले हृदयाच्या ठोक्यांचे आकडेसुद्धा सारखेच निघाले. प्रश्न विचारला की ‘प्रक्रियेवर विश्वास ठेवा’ हे एकच उत्तर सर्वांना जात असे. थकवा, दुखणारे गुडघे आणि न सुधारणारी वेळ हे सारे या खेळात तसेही नेहमीचे असल्याने, वाईट प्रशिक्षण आणि कठीण प्रशिक्षण यांतला फरक नवख्या माणसाला लवकर कळत नाही, आणि या धंद्यातले लोक त्यावरच जगतात.

जाहिरातीतल्या फोटोत त्याच्या गळ्यात असलेले स्पर्धेचे पदक मात्र खरे होते. ताईंनी स्पर्धेचे निकाल उघडून पाहिले (ते कोणालाही पाहता येतात), तेव्हा वैयक्तिक गटात त्याचे नाव नव्हते. ते रिलेमध्ये होते. रिलेत दोघे किंवा तिघे मिळून स्पर्धा पूर्ण करतात आणि हा गृहस्थ त्यांपैकी फक्त धावला होता. जाहिरातीत ‘फिनिशर’ (स्पर्धा पूर्ण करणारा) एवढेच लिहिलेले असल्याने, शब्दशः पाहता तो खोटेही बोलला नव्हता.

खरे नुकसान प्रवेश शुल्कात झाले. गटासाठी सवलतीच्या राखीव जागा मिळाल्या आहेत असे सांगून त्याने पैसे स्वतःच्या खात्यात यूपीआयने घेतले आणि नोंदणीची पावती म्हणून एक चित्र पाठवले. या स्पर्धेत नोंदणी ज्याची त्याने करायची असते, जबाबदारीचे संमतीपत्र स्वतः मान्य करायचे असते, त्याची खात्री स्वतःच्या ईमेलवर येते आणि प्रवेश दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आमच्यापैकी कोणालाही असा ईमेल आला नव्हता. आयोजकांना लिहून विचारल्यावर आमची नावे यादीत नसल्याचे कळले, आणि तोवर प्रवेश बंद झाले होते.

१९३० या सायबर मदतक्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली आहे. पैसे गेल्यावर लगेच कळवले तर ते पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. आमच्या व्यवहारांना मात्र महिने उलटले होते आणि आजवर काहीही परत मिळालेले नाही. तो गृहस्थ सध्या दुसऱ्या नावाने प्रशिक्षण आणि स्पर्धेचा प्रवेश एकत्र देणारे ‘पॅकेज’ विकत आहे, आणि जाहिरातीत पदकाचा तोच फोटो आहे, फक्त आता त्यातला बिब क्रमांक (स्पर्धकाच्या अंगावरचा क्रमांक) कापलेला आहे.