एलईडी इंडिकेटरसाठी रेझिस्टर की नवा फ्लॅशर?

मोटारसायकलचे १० वॅटचे बल्ब काढून एलईडी बसवल्यावर इंडिकेटर घाईने लुकलुकू लागला (एलईडी कमी वीज घेतो, म्हणून दिवे लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरला बल्ब गेल्यासारखे वाटते), तर उपाय दोन आहेत: प्रत्येक दिव्याला समांतर रेझिस्टर जोडून फ्लॅशरला जुन्याइतका भार दाखवावा, किंवा भारावर अवलंबून नसलेला फ्लॅशर बसवावा. मी हे दोन्ही उपाय एकाच गाडीवर, एकापाठोपाठ एक करून पाहिले आहेत.

रेझिस्टरने वेग लगेच ताळ्यावर आला, हे मान्य केले पाहिजे. मात्र १० ओहमचा रेझिस्टर १२ व्होल्टवर, दिवा पेटलेला असेपर्यंत, १४ वॅटहून अधिक वीज खातो आणि तिची निव्वळ उष्णता करतो. मी मागचे दोन रेझिस्टर सीटखालच्या प्लॅस्टिक पॅनेलला टायने बांधले होते. रोज संध्याकाळी उजवीकडे वळण्यासाठी एका लांबलचक सिग्नलवर इंडिकेटर चालू ठेवून थांबावे लागे, आणि काही आठवड्यांनी सीट काढली तेव्हा इन्सुलेशन टेपचा डिंक वितळून वायरींवर ओघळला होता व पॅनेलला आतून फुगवटा आला होता. पुढे ते लोखंडी फ्रेमवर हलवले. तरीही शेजारून वायरिंग जात असल्याने मनातली धास्ती गेली नाही, आणि माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

फ्लॅशर बदलणे त्या मानाने स्वच्छ काम वाटले. जुना दोन पिनांचा असेल आणि नवा तीन पिनांचा, तर तिसऱ्या पिनेला फ्रेमवरून अर्थिंग द्यावे लागते. पिनांचा क्रम सर्वत्र सारखा नसतो, म्हणून तो आधी पडताळावा. मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणे ही सर्वसाधारण मान्य मर्यादा आहे, आणि माझा इंडिकेटर कानाला तरी पूर्वीच्याच लयीत वाजतो.

यात एक अडचण येते, ती लपवणे योग्य नाही. मीटरमध्ये डाव्या-उजव्यासाठी मिळून एकच दिवा असेल, तर त्यातून विरुद्ध बाजूला जाणारा किंचित करंटही एलईडीला पुरतो आणि चारही दिवे लुकलुकतात. त्या दिव्याकडे येणाऱ्या दोन्ही वायरींत करंट एकाच दिशेने जाऊ देणारा एकेक १एन४००७ डायोड घालून त्या एकत्र जोडाव्या आणि दिव्याचे दुसरे टोक अर्थ करावे लागते. माझी एक संध्याकाळ त्यात गेली. रेझिस्टर असताना हा त्रास नव्हता.

रेझिस्टर लावल्यास बल्ब गेल्याची सूचना, म्हणजे घाईने लुकलुकणे, कायम राहते, असे अनेकदा सांगितले जाते. परंतु एलईडी बंद पडला तरी रेझिस्टर भार घेतच राहतो, त्यामुळे वेग बदलत नाही. ती सूचना दोन्हीकडे गमावलेलीच आहे.

एवढे पाहता, फ्लॅशर हाताशी येण्यासारखा असेल तर मी बहुधा तोच सुचवीन. ज्या मोटारींत इंडिकेटरचे नियंत्रण बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे (दिव्यांसारखी विजेची कामे सांभाळणाऱ्या गाडीतल्या संगणकाकडे) असते, तिथे मात्र सहसा रेझिस्टरकडेच वळावे लागते. तो पत्र्यालाच स्क्रूने घट्ट बसवावा आणि वायरींपासून चार बोटे दूर ठेवावा.