डिजिलॉकर गोव्यात वापरताना: ॲप चांगलं, नावाची जुळणी त्रासदायक

सरकारी कागदपत्रं मोबाइलवर ठेवायच्या डिजिलॉकर ॲपला पाचपैकी तीन तारे. कापलेले दोन्ही तारे नाव जुळवण्याच्या पद्धतीचे, कारण गोव्यात माणूस अडकतो तो तिथेच.

आधी चांगलं ते. 2015 पासून चालू असलेली ही सेवा फुकट आहे. 'इश्यूड' भागातला कागद थेट आरटीओच्या किंवा आयकर खात्याच्या नोंदीतून येतो आणि 2017 च्या नियमदुरुस्तीनंतर तो मूळ कागदाच्या बरोबरीचा धरतात. 2018 पासून वाहतूक पोलिसाला लायसन्स आणि आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) मोबाइलवर दाखवली तरी चालते. थिवीहून किंवा मडगावहून रेल्वेने निघालात तर टीसीला ओळखीचा पुरावा म्हणून आधार किंवा लायसन्स यातूनच दाखवता येतं. मात्र स्वतः फोटो काढून 'अपलोडेड' भागात टाकलेला कागद असा ग्राह्य धरत नाहीत. दोन्ही भाग शेजारी शेजारी असल्यामुळे लोकांची इथे हमखास गफलत होते.

आता मूळ दुखणं. डिजिलॉकरमध्ये पॅन मागवताना तुम्ही पॅन क्रमांक टाकता. नाव आणि जन्मतारीख ॲप आधारवरून उचलतं आणि आयकर खात्याच्या नोंदीशी ताडून बघतं. आरसीसाठी गाडीचा नंबर आणि चासी नंबर लागतो, पण मालकाचं नाव पुन्हा आधारवरचंच. मेळ बसला नाही तर 'तपशील जुळत नाही' एवढंच उत्तर मिळतं. कुठलं अक्षर चुकलं, कुठल्या खात्याकडे चुकलं, काही कळत नाही. नुसतं ते अक्षर दाखवलं असतं तरी लोकांच्या निम्म्या फेऱ्या वाचल्या असत्या.

आणि गोव्यातली नावं बघा. 1961 आधीच्या दाखल्यांत आडनावं पोर्तुगीज वळणाने लिहिलेली आहेत. नाईकच्या शेवटी 'के' नाही, 'क्यू-यू-ई' आहे. शेट 'एक्स'ने सुरू होतं, देसाईत 'एस' दोन, कामतचं 'कामोतिम' आणि प्रभूचं 'पोरोबो'. बऱ्याच जुन्या दाखल्यांत वडिलांचं नाव मधे नसतंच. पुढे शाळेत आडनाव आधी लागलं, पॅनवर वडिलांचं नाव मधे आलं, लायसन्सवर नुसतं आद्याक्षर राहिलं. सगळे कागद खरे, एकाच माणसाचे, सरकारनेच दिलेले. वयस्कांच्या बाबतीत आणखी एक अडचण: पूर्वी काढलेल्या कित्येक आधार कार्डांवर नुसतं जन्मवर्ष आहे, पॅनवर पूर्ण तारीख. तिथेही गाडी अडते.

यंत्राला हे जमत नाही, असं कोणी म्हणू नये. आधार प्रमाणीकरणाच्या तांत्रिक आराखड्यात नावाच्या अंशतः जुळणीची सोय आहे. किती टक्के जुळलं की मान्य करायचं, ते सेवा देणाऱ्याने ठरवायचं असतं. हा धोरणाचा प्रश्न आहे आणि त्याचे पैसे लोक मोजतात. पॅन-आधार जोडणीला 30 जून 2022 नंतर 1000 रुपये लागू झाले, 1 जुलै 2023 पासून न जोडलेली पॅन निष्क्रिय झाली. पॅन निष्क्रिय म्हणजे मुदत ठेवीच्या व्याजावर बँक 20 टक्के टीडीएस कापते. ज्यांची जोडणी केवळ स्पेलिंगपायी रखडली, त्यांना यातून वेगळी सूट नव्हती. हा अन्याय आहे.

हे धोरण सुधारेपर्यंत काम काढून घ्यायचं तर क्रम सांभाळा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. त्यापुढे आधारच्या प्रादेशिक कार्यालयाची मंजुरी लागते. म्हणून पहिला हात आधारला लावू नका. जन्मदाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, यांतलं कुठलं स्पेलिंग कायम ठेवायचं ते घरी बसून ठरवा. आडनावच बदलायचं असेल तर 1990 च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्याखाली रीतसर अर्ज आधी करा.

मग आधार केंद्र. दुरुस्तीचे 75 रुपये. ऑपरेटर टाइप करत असताना तुमच्याकडे तोंड केलेला दुसरा पडदा असतो, त्यावर इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर वाचा. नाव आणि आडनाव यांच्यात नको तिथे जागा सुटलीय का तेही बघा. पावतीवर सही करण्याआधी पुन्हा एकदा. मोबाइल नंबर जुना असेल तर त्याच फेरीत बदलून घ्या, कारण पुढचं सगळं ओटीपीवर चालतं. ओटीपी दहा मिनिटांचा असतो. सत्तरी, सांगे भागात जिथे रेंज जेमतेम आहे तिथल्या लोकांनी हे काम वाळपईत किंवा केपेत आल्यावर केलेलं बरं.

आधार दुरुस्त झाल्यावर पॅन. आधार ई-केवायसीचा (आधारवरून ऑनलाइन ओळख पटवण्याचा) पर्याय घेतला की नाव तिथूनच येतं, वेगळी कागदपत्रं जोडावी लागत नाहीत. त्यानंतर लायसन्स 'सारथी' आणि आरसी 'वाहन' या परिवहन खात्याच्या पोर्टलवर. जुनं पुस्तकी लायसन्स सारथीवर नसेल तर आरटीओत बॅकलॉग नोंद (जुन्या लायसन्सची संगणकात नोंद) करून घ्यावी लागते. ती होईपर्यंत डिजिलॉकरला तुमचं लायसन्स दिसणारच नाही, कितीही वेळा नंबर टाका.

शेवटी डिजिलॉकरच्या प्रोफाइलमध्ये आधारचा तपशील ताजा करून घ्या, जुन्या नावाचा कागद काढून टाका आणि नव्याने मागवा. नवीन नाव 'इश्यूड' भागात उमटेपर्यंत लायसन्सचं कार्ड गाडीच्या कप्प्यातून काढू नका.