निम्मी अभ्यासिका, निम्मे कार्यालय: राजारामपुरीतील एका को-वर्किंगविषयी

वेबसाइट बांधण्याचे आणि बांधलेल्या वेबसाइट चालू ठेवण्याचे काम मी नऊ वर्षांपासून स्वतंत्रपणे करतो. त्यातील पहिली आठ वर्षे कोल्हापुरात नागाळा पार्कातील घराच्या मागच्या खोलीत गेली. गेल्या वर्षी गणपती गेल्यावर मी राजारामपुरीत एका को-वर्किंगमध्ये, म्हणजे वेगवेगळी कामे करणारे लोक एकत्र बसतात अशा सामायिक कार्यालयात, महिन्याच्या भाड्याने टेबल घेतले आणि आजतागायत तेथेच बसतो. हुपरीचे एक चांदीवाले, मार्केट यार्डातील गुळाची एक पेढी, कोल्हापुरी चपला विकणारी दोन दुकाने, पुण्यातील एक दवाखाना आणि जर्मनीतील एक लहान कंपनी अशी माझी गिऱ्हाइके आहेत, हे आधीच सांगून ठेवतो, कारण जागा चांगली की वाईट हे त्यावरच ठरते. जागेचे नाव देत नाही. खाली दोन तक्रारी आहेत आणि त्या मालकांशी समोरासमोर बोलून झालेल्या आहेत. शिवाय येथे लिहिलेले बरेचसे शहरातील अशा कोणत्याही जागेला लावून पाहता येईल.

ही जागा मुळात स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांची अभ्यासिका होती. दुसऱ्या मजल्यावरचा लांबट हॉल, प्लायवूडच्या आडव्या-उभ्या फळ्यांनी पाडलेले कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक ट्यूबलाइट. मालकांनी मध्ये काचेची भिंत घालून निम्मा भाग तसाच ठेवला आणि उरलेल्या निम्म्यात अठरा टेबले मांडून त्याला को-वर्किंग म्हटले. दार एक, जिना एक, पाण्याचे पिंप एक आणि शांततेचा नियमही एकच. हा शेवटचा नियमच या जागेचे सगळे गुण आणि सगळे दोष ठरवतो. काचेपलीकडे सकाळी सहापासून येऊन बसलेली मुले मान वर न करता वाचत असताना अलीकडे कोणी मोठ्याने बोलू लागला, तर त्याला कोणी काही सांगावे लागत नाही. पलीकडून दोन-तीन माना वळतात आणि तेवढ्यानेच आवाज खाली येतो. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाल्यापासून सांगली-सोलापूरकडील वकील मंडळी दिवसापुरते टेबल मागायला येऊ लागली आहेत. पक्षकारांशी फोनवर बोलणे हा त्यांच्या कामाचाच भाग असल्यामुळे त्यांतील बहुतेकांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा येण्याचे टाळले.

कोड लिहिणाऱ्याला मात्र अशी शांतता विकत मिळत नाही. घरी माझे काम दर अर्ध्या तासाला मोडत असे; गॅसवाला आला, शेजारच्या काकूंना मोबाइलवर फॉर्म भरून हवा आहे, आई म्हणते, “घरीच आहेस तर दळण तेवढं घेऊन ये.” यात कोणाची चूक नव्हती. बनियनवर लॅपटॉपसमोर बसलेला माणूस कामावर आहे, हे घरातल्यांना दिसतच नाही. आता सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो, एवढ्या एकाच गोष्टीने दळणाची जबाबदारी माझ्या धाकट्या भावाकडे गेली आहे.

निश्चित टेबलाचे भाडे महिना साडेतीन हजार रुपये अधिक अठरा टक्के जीएसटी आणि एका महिन्याचे डिपॉझिट असे आहे. जे मिळेल त्या टेबलावर बसायचे असेल तर अडीच हजार. जीएसटीची नोंदणी असलेल्याला भरलेला कर आपल्या करातून वळता करून घेता येतो; ज्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे आणि ज्याने नोंदणी केलेली नाही, त्याने मात्र भाडे चार हजार एकशे तीस रुपये आहे असेच धरून चालावे. आणखी एक गोष्ट नवीन मंडळींच्या लक्षात येत नाही, म्हणून लिहितो. प्राप्तिकरात अनुमानित उत्पन्नाची योजना घेतली असेल, म्हणजे जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली जात असेल, तर सगळा खर्च उरलेल्या निम्म्यात आधीच धरलेला असतो. तेव्हा या भाड्याची पावती कितीही जपून ठेवली, तरी कर एक रुपयानेही कमी होत नाही. जागा परवडते की नाही, हे कर वाचेल या आशेवर ठरवू नये.

विजेची व्यवस्था उत्तम आहे. वीज गेली की पंखा क्षणभर मंदावतो, एवढेच कळते. इन्व्हर्टरवर दिवे, पंखे, राउटर आणि टेबलाजवळचे प्लग चालतात, एसी चालत नाही. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दोन-अडीच तास वीज गेली तर लॅपटॉप सुरू राहतो आणि माणूस बंद पडतो. खुर्च्या जुन्या अभ्यासिकेच्या नाहीत, पाठीला आधार देणाऱ्या आहेत, आणि आठ महिन्यांत माझे कंबरेचे दुखणे बरेच कमी झाले. या दोन बाबतींत मालकांनी हात आखडता घेतलेला नाही.

आता पहिली तक्रार, आणि ती जरा सविस्तर सांगणे भाग आहे. मार्चमधील एका मंगळवारी सकाळी साडेदहाला गुळाच्या पेढीची वेबसाइट उघडेना. पाठोपाठ एका चपलांच्या दुकानाचीही उघडेना. दोन्ही एकाच होस्टिंग कंपनीच्या, म्हणजे वेबसाइट ठेवायला जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या, एकाच सर्व्हरवर आहेत. मी पेढीच्या मालकांना फोन लावून सर्व्हर बंद पडला आहे, तासाभरात पाहतो, असे सांगितले. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “अहो, माझ्या मोबाइलवर उघडलीय की. आत्ताच एक ऑर्डर बघितली.” मी मोबाइलच्या डेटावर पाहिले, तर वेबसाइट ठणठणीत होती. बंद होती ती फक्त आमच्या हॉलपुरती.

कारण शोधण्यात दुपारचा एक वाजला. हॉलमधील सगळी यंत्रे बाहेरच्या जगाला एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच ओळख-क्रमांकावरून, दिसतात. आमच्यातील एकाने आदल्या रात्री आपल्या ईमेलचा पासवर्ड बदलला होता, पण त्याच्या फोनमधील मेलच्या ॲपला ते सांगायचे राहिले. आणि योगायोगाने त्याचा ईमेलही त्याच सर्व्हरवर होता. सकाळी तो येऊन वायफायला जोडला गेल्यापासून त्याचा फोन दर काही मिनिटांनी जुना पासवर्ड घेऊन सर्व्हरचे दार वाजवत राहिला, आणि एकाच पत्त्यावरून वारंवार चुकीचा पासवर्ड येतो आहे असे पाहून सर्व्हरच्या फायरवॉलने, म्हणजे त्याच्या राखणदार प्रोग्रॅमने, तो पत्ताच बंद करून टाकला. वाड्यातील एका बिऱ्हाडाने उधारी थकवली म्हणून वाण्याने अख्ख्या वाड्याला माल देणे थांबवावे, तसा हा प्रकार. फायरवॉलचे काही चुकले नाही. तिला आम्ही अठरा जण एकच माणूस वाटलो.

यात व्यवस्थापनाचा दोष कोठे आला, असे कोणी विचारील. जागेत दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेटच्या लाइन आहेत, हे प्रवेश घेताना मला मोठ्या अभिमानाने सांगण्यात आले होते, आणि ते खरेही आहे. दुसऱ्या लाइनचा आयपी पत्ता वेगळा असल्यामुळे हॉल तिच्यावर वळवला असता तर प्रश्न दोन मिनिटांत सुटला असता. पण पहिली लाइन पूर्ण बंद पडल्याशिवाय दुसरी आपोआप सुरू होत नाही, आणि हाताने बदलायची तर राउटर कुलूपबंद कपाटात, कपाटाची किल्ली व्यवस्थापकांकडे आणि व्यवस्थापक त्या दिवशी लग्नाला निपाणीला. फोनवर त्यांनी राउटर बंद करून चालू करायला सांगितले. आयपी पत्ता स्थिर असल्यामुळे त्याने काही होणार नव्हते, आणि राउटर कपाटातच असल्यामुळे तेही करता येणार नव्हते. शेवटी मी होस्टिंग कंपनीला लिहून तो पत्ता मोकळा करून घेतला, आणि त्या महिन्यापासून एक लहानसा सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावरून स्वतःचे व्हीपीएन चालवतो, म्हणजे गिऱ्हाइकांच्या सर्व्हरला मी माझ्या वेगळ्या पत्त्यावरून दिसतो. जर्मन कंपनी तर ठरावीक पत्त्याखेरीज कोणाला आत घेतच नाही, त्यामुळे हा खर्च कधी तरी करावाच लागला असता. तरीही किल्लीचे मी मालकांना दोनदा सुचवले आहे. ती अजून व्यवस्थापकांच्याच जुडग्यात आहे.

दुसरी तक्रार कागदपत्रांची. जीएसटीच्या नोंदणीत व्यवसायाचा पत्ता म्हणून ही जागा दाखवता येईल, असे प्रवेशाच्या वेळी तोंडी सांगितले गेले होते. त्यासाठी भाडेकरार, वीज बिल आणि जागामालकाचे ना हरकत पत्र लागते. मी मागणी केली तेव्हा तीन आठवडे “उद्या देतो” झाले आणि मग असे कळले की को-वर्किंगचे चालक हे स्वतःच भाडेकरू असून इमारतीच्या मूळ मालकांशी झालेल्या त्यांच्या करारात पोटभाड्याची परवानगीच नाही. त्यांनी मनापासून माफी मागितली आणि एक महिन्याचे भाडे घेतले नाही, हेही नोंदवले पाहिजे. माझा नोंदणीचा पत्ता आजही घराचाच आहे. ज्याला पत्त्यासाठीच जागा हवी आहे, त्याने पैसे भरण्याआधी ना हरकत पत्राचा नमुना हातात मागावा आणि त्यावर सही कोणाची आहे ते पाहावे.

फोनवर बोलण्यासाठी जिन्याच्या तोंडाशी एक केबिन केली आहे. सहा फूट बाय चार फूट, भिंतींना फोम, एक फळी आणि एक स्टूल. पंखा नाही, कारण त्याचा आवाज माइकमध्ये जातो. जर्मनीची वेळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते. त्यामुळे माझे बोलणे बहुधा संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान असते, आणि नेमकी तीच वेळ उरलेल्या सगळ्यांनाही हवी असते. दाराला अडकवलेल्या वहीत नाव आणि वेळ लिहून केबिन राखून ठेवायची पद्धत आहे. वही नीट चालते. अर्ध्या तासानंतर आतल्या माणसाचा शर्ट पाठीला चिकटलेला असतो, त्यामुळे दिलेल्या वेळेपेक्षा जास्त कोणी बसत नाही.

खाण्याची सोय म्हणजे एक मायक्रोवेव्ह, एक फ्रिज आणि एक मोठे टेबल, जे अभ्यासिकेतील मुलांसह सामायिक आहे. सुरुवातीला येथे सामिष पदार्थ गरम करू नयेत अशी पाटी होती. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी डबे उघडल्यावर त्या पाटीचे काय होत असे, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. दिवाळीनंतर ती दिसेनाशी झाली. याच टेबलावर मुलांशी ओळखी होतात. भरतीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी त्यांच्यातील कोणी तरी काचेवर हलकेच टकटक करतो आणि बाहेर बोलावून विचारतो, “दादा, फोटो पन्नास केबीत बसंना झालाय, जरा बघता का?” आठ महिन्यांत मी पंचवीस-तीस फोटो आणि तेवढ्याच सह्या त्यांच्या मापात बसवून दिल्या असतील. मोबदल्यात मला सकाळचा चहा कधी स्वतः आणावा लागत नाही.

पावसाळा मी या जागेत अजून काढलेला नाही, परंतु जागा निवडताना तोच विचार मुख्य होता. जुलै २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५६ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट आहे, यावरून काय झाले असेल याची कल्पना यावी. आमच्या भागात वीज आणि इंटरनेट एकदमच गेले, उपसा केंद्रे पाण्यात गेल्यामुळे नळ कोरडे पडले, महामार्ग बंद झाला, आणि पुण्याच्या दवाखान्याला त्यांचे काम आठवडाभर का अडले आहे, हे मी शेवटची बॅटरी जपत एसएमएसवर कळवले. शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरच्या बाजूला याहून स्वस्त आणि प्रशस्त जागा मिळत होती. ती सोडून राजारामपुरी घेतली, कारण हा भाग उंचावर आहे. मालकांनी गेल्या महिन्यात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बदलल्या आणि जनरेटर भाड्याने सांगून ठेवला आहे, असे म्हणतात.

ज्यांचे काम मुख्यतः बोलण्याचे आहे, म्हणजे विक्री, शिकवणी किंवा सल्ला, त्यांनी येथे येऊ नये. त्यांचेही हाल आणि पलीकडच्या मुलांचेही. गिऱ्हाइकाला बोलावून बसवायचे असेल तरीही ही जागा उपयोगाची नाही, कारण बैठकीची खोली नाही आणि खाली दुचाकी लावायला सकाळी साडेनऊनंतर जागा मिळत नाही. लिहिणे, कोड, डिझाइन, हिशेब अशी मान खाली घालून करायची कामे असतील तर जरूर घ्यावी. मी पुढच्या सहा महिन्यांचे भाडे भरले आहे. टेबल निवडताना काचेच्या भिंतीला लागून असलेली रांग मागावी, तेथे दिवसभर उजेड असतो. अकरा क्रमांकाचे टेबल मात्र रिकामे दिसले तरी घेऊ नये, त्याच्या बरोबर वर एसी आहे आणि तो चारनंतर ठिबकतो.