मापाने शिवलेले कुर्ते : वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीपासून रेडिमेड कुर्ते घेणं बंद केलंय, सगळे शिवून घेते. उन्हाळ्याचा घाम आणि पावसाळ्यातलं न वाळणं, दोन्हीतून ते निघालेत, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. रोज ऑफिसला घालायच्या कुर्त्यांसाठी शिवून घेणं परवडतं आणि अंगाला शोभतंही. फक्त ज्यांना परवाच्या कार्यक्रमाला आज कुर्ता हवा असतो, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

आधी अंगकाठी सांगते, नाहीतर बाकीच्याचा उपयोग नाही. उंची पाच फुटाला जेमतेम टेकलेली, खांदे अरुंद, खालचा भाग रुंद. रेडिमेडमध्ये ‘एम’ घेतला तर खांद्याला चोख, पण बसलं की शिवण उसवते की काय अशी धास्ती. ‘एक्सएल’ घेतला तर खाली ऐसपैस आणि खांद्याची शिवण दंडावर. कारण साधं आहे. कंपन्या एका मापाचा साचा करतात आणि तोच चहूबाजूंनी वाढवत नेतात. माणसं काही तशी वाढत नाहीत. भारतीय अंगाची मापं घेऊन आपला तक्ता बनवायला ‘निफ्ट’ या सरकारी फॅशन संस्थेने ‘इंडियासाइझ’ हा प्रकल्प काढला, त्यात २५ हजारांवर लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची होती. शहरांच्या यादीत मुंबई आहे, पुणे नाही. (पुणेकर कुठल्याच तक्त्यात बसायचे नाहीत, हे त्यांनी ओळखलं असावं.)

खरा फरक पडला तो मुंढ्याने, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईने. आपण कंबर, घेर, उंची बघतो. मुंढ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. रेडिमेडचा मुंढा खोल ठेवतात, म्हणजे तो कुणाच्याही हाताला चालतो. पण मुंढा जितका खाली, तितका हात उचलल्यावर अख्खा कुर्ता वर ओढला जातो. स्कूटीचं हँडल धरलं की गळा वर सरकतो, पाठीत ताण येतो आणि सिग्नलला थांबलं की पहिलं काम कुर्ता खाली ओढण्याचं. मुंढा काखेच्या जवळ घेतला आणि बाहीला दंडाशी थोडी ढील दिली, तर हात फिरतो आणि कुर्ता जागेवर राहतो. ऐकायला उलटं वाटतं. आमच्या टेलरकाकांनाही वाटलं. “ताई, काचेल हो. मग म्हणाल, काकांनी बिघडवला.” शेवटी एका स्वस्तातल्या कापडावर बघू, असं ठरलं. ट्रायलला मी आरशासमोर हात पुढे करून हँडल धरल्यासारखी उभी राहिले, बाकावर बसले, वरच्या फळीवरचा दोऱ्यांचा डबा काढून दिला. काका मागे उभे राहून बघत होते. त्यांनी पाठीवर दोन्ही मुंढ्यांच्या मधे खडूने एक रेघ मारली, म्हणाले, “इथे अर्धा इंच जास्त पाहिजे,” आणि वहीत माझ्या मापापुढे तेवढं लिहून ठेवलं. त्यानंतरचे सगळे कुर्ते त्याच मापाचे आहेत. एकही काचला नाही.

बाजूचा कटही सांगून घ्यावा. अंगाचा सगळ्यात रुंद भाग येतो त्याच्या वर कट सुरू झाला पाहिजे. त्याच्या खाली सुरू झाला तर कुर्ता तिथेच अडकतो आणि पोटावर चुण्या जमतात. उंची माझ्या बाबतीत गुडघ्याच्या बोटभर वर. घोट्यापर्यंतचा घातला की मी झग्यात हरवते.

‘बुटक्यांनी आडव्या रेघा घालू नयेत’ हा सल्ला मावशीपासून दुकानातल्या मुलीपर्यंत सगळ्यांनी दिलाय. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलंय की आडव्या रेघांनी भरलेला चौरस डोळ्याला उंच भासतो. अंग म्हणजे चौरस नव्हे, मान्य. पण माझा बारीक आडव्या रेघांचा निळा कुर्ता सगळ्यात जास्त वाखाणला गेला, तोही मावशीकडून. अंगावर कापड कसं पडतं, यावर रेघांपेक्षा जास्त अवलंबून असतं, असं माझं मत झालंय.

कापड लक्ष्मी रोडला किंवा रविवार पेठेत घेते, अस्तर आणि लेस तुळशीबागेत. दुकानात आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारायचा. ४४ इंच पन्हा असेल तर माझा कुर्ता अडीच मीटरमध्ये आरामात होतो, ३६ असेल तर तीन मीटर लागतं. सुती कापड टेलरकडे द्यायच्या आधी रात्रभर भिजवून, वाळवून द्यायचं. विणताना आणि नंतरच्या प्रक्रियेत सूत ताणलेलं असतं, पाणी लागलं की ते सैलावतं आणि कापड आटतं. अस्तराचंही तेच. एका मलमलच्या कुर्त्याचं अस्तर दुसऱ्या टेलरने न भिजवताच लावलं. दोन धुण्यांत ते आटलं, वरचं कापड तसंच राहिलं, आणि खालच्या काठाला असा झोळ आला की इस्त्रीने काही केल्या जाईना.

वर्षभरात खादी सगळ्यात चांगली टिकली, धुवेल तशी मऊ होत गेली. रेयॉन नवं असताना अंगावर सुरेख पडतं. पण ओलं झालं की त्यातला दम जातो. हँगरवर वाळवलेला कुर्ता खाली लोंबला, आता आडवा पसरूनच वाळवते. खणाच्या नादाला फार लागू नका, अरुंद पन्ह्याच्या खणात कुर्त्याला जोड द्यावे लागतात. पुढच्या पट्टीपुरता घेतला तर छान दिसतो.

बाजूच्या शिवणीत इंचभर माया, म्हणजे आत जादा कापड, सोडायला सांगायला विसरू नका. गणपतीतल्या मोदकांनंतर माझे दोन कुर्ते त्या मायेवरच सैल करून मिळाले. रेडिमेडमध्ये उसवायला काही ठेवलेलंच नसतं.

तक्रार एकच, वेळेची. श्रावण लागला की टेलरकडे ब्लाउजांचा ढीग पडतो आणि आपला कुर्ता ‘उद्या’वर जातो. दिवाळीचं कापड गणपतीच्या आधी टाकलं तरच धडगत. पैशांचं म्हणाल तर अस्तराशिवाय शिलाई ५०० रुपये, अस्तरासह ८००, कापड वेगळं. एकूण चांगल्या रेडिमेडइतकेच पडतात.

पँटचं मात्र जमलेलं नाही. शिवलेल्या पँटला मागे कमरेपाशी झोळ येतोच, टेलर बदलूनही आला. सध्या रेडिमेड पँट सीटच्या मापाने घेते आणि कमरेला मागून दोन टक्स घालून घेते. कोपऱ्यावरचा ऑल्टरवाला त्याचे ८० रुपये घेतो आणि त्याच दिवशी देतो.