बहात्तरचे की अठ्ठावीसचे? शनिवार-रविवारच्या लढाईसाठी सैनिक निवडताना

टेबलावर छोटे सैनिक मांडून, फासे टाकून जुन्या लढाया खेळणारं आमचं टोळकं. त्यात नवा भिडू आला की पहिला प्रश्न ठरलेला: एकास बहात्तरचे, म्हणजे खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढे, प्लॅस्टिकचे सैनिक घेऊ की त्याहून थोडे मोठे, अठ्ठावीस मिलिमीटरचे? दोन्ही मी विकत घेतलेत, रंगवलेत आणि बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर लढवलेत. त्यामुळे सांगतोय ते सगळं अनुभवाचं. तुमचा हात माझ्यापेक्षा बरा असेल तर निकाल उलटाही लागू शकेल.

सुरुवात बहात्तरनेच केली आणि त्याला कारण कित्तूर. वसाहतकालीन लढाई म्हटलं की बाकी जगाला आफ्रिकेतले झुलू आणि सुदान आठवत असतील. आपल्याला हायवेने तासाभरावर राणी चन्नम्माचं कित्तूर आहे. २३ ऑक्टोबर १८२४ ला धारवाडचा कलेक्टर थॅकरे तोफा घेऊन किल्ल्याच्या दारात उभा राहिला, दार उघडलं, आतून लोंढा बाहेर पडला आणि थॅकरे तिथेच मारला गेला. हे टेबलावर मांडायचं तर गर्दी पाहिजे. दारातून सात-आठ जण पळत निघाले तर तो लोंढा वाटत नाही, लग्नाला उशीर झालेली मंडळी वाटतात.

गर्दीच्या बाबतीत बहात्तरला तोड नाही. एका खोक्यात चाळीस-पन्नास जण निघतात. एक सैनिक म्हणजे वीस माणसं असा हिशेब धरला की चार-पाच खोक्यांत कित्तूर उभं राहतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेसाठी नेपोलियनच्या काळातलं ब्रिटिश पायदळ खपून जातं. झुलू युद्धाचे ब्रिटिश मात्र घेऊ नका, त्यांच्या डोक्यावरचं हेल्मेट कित्तूरनंतर अर्ध्या शतकाने आलेलं आहे. आमच्यातल्या एकाने घेतले आणि आम्ही अजून त्याला ते विसरू दिलेलं नाही. पैशाच्या बाजूनेही बहात्तरच उजवं. अठ्ठावीसचे बाहेरून मागवायचे, वर कस्टम, वर वाट बघणं.

मग माझं कुठे बिनसलं? त्या मऊ प्लॅस्टिकपाशी.

साबणाने धुवा, फेविकॉलचा पातळ हात द्या, मग प्रायमर मारा, हे सगळे उपाय मी केले. तरी बंदूक आणि भाला वाकतोच, आणि वाकला की रंग टिकलीसारखा सुटून येतो. आमचा एक गडी खानापूरहून बसने येतो. सैनिक कुंद्याच्या रिकाम्या खोक्यांत, खाली स्पंज घालून, जपून आणतो. खोकं उघडलं की तळाशी रंगाचा चुरा आणि भालेकऱ्यांच्या हातात जिलब्या. मग गरम पाण्यात बुडवून भाले सरळ करा, लगेच गार पाण्यात घाला, रंगाचे ठिपके द्या, वाळू द्या. शनिवारी नऊला जमलेली माणसं बाराला पहिला फासा टाकणार. एकदा तर दीड वाजला. आतून बायकोने विचारलं, “लढाई सुरू झाली का, पानं वाढू?” तेव्हा थॅकरे अजून धारवाडहून निघालाही नव्हता.

त्याहून मोठं दुखणं एम-सीलचं. आपल्या भागातले गडी कुणी तयार विकत नाही. पठाण नाहीतर मराठे घ्यायचे आणि एम-सीलने त्यांना धोतर, मुंडासं, घोंगडी चढवायची. मऊ प्लॅस्टिकला एम-सील धरत नाही. दुसऱ्या चालीत मुंडासं गळून तोफेखाली सापडतं. “अरे, ह्याचं डोस्कं पडलं की रे!” हे वाक्य आमच्याकडे एका दिवसात मी पाच वेळा ऐकलंय.

अठ्ठावीसच्या धातूच्या किंवा कडक प्लॅस्टिकच्या सैनिकावर एम-सील बसलं की बसलं. धातू आणि कडक प्लॅस्टिक यांत फार डोकं घालू नका. धातूची संगीन एकदा वाकली तर सरळ होते, दुसऱ्यांदा मोडते. कडक प्लॅस्टिकची पहिल्यांदाच मोडते, पण ती चिकटवता येते. एवढाच काय तो फरक.

तोटे आहेत, नाही कशाला म्हणू? एक सैनिक रंगवायला माझी एक अख्खी संध्याकाळ जाते. सहा बाय चारच्या टेबलावर बंदुकीचा पल्ला या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतो, मग डावपेच कुठे करायचे? आणि कित्तूर तर विसराच, निदान आमच्या खिशात ते बसलं नाही.

इथेच आमचा खेळ बदलला. कित्तूरऐवजी आम्ही संगोळ्ळी रायण्णा मांडायला लागलो, कित्तूर पडल्यावर कंपनीशी गनिमी काव्याने लढलेला गडी. १८२९-३० चे छापे, खानापूरचं रान, बिडी, नंदगड. इथे एक सैनिक म्हणजे एकच माणूस. दहा जण झाडाआड दबा धरून बसलेत, रस्त्याने खजिन्याची गाडी आणि पंधरा शिपाई येताहेत, एवढ्यावर अख्खी सकाळ जाते. दाट रान मांडलं की बंदुकीच्या पल्ल्याची अडचणही संपते, कारण दिसतच नाही तर मारणार काय? काथ्याचं पायपुसणं कापून त्याची भातशेती करतो, रंगवलेल्या भुशाचं गवत. रायण्णा कुरुब, म्हणजे आपल्या भाषेत धनगर, म्हणून त्याच्या खांद्यावर एम-सीलची घोंगडी घातली. दोन पावसाळे झाले, अजून हललेली नाही.

पावसाळ्यावरून आठवलं. सैनिक कुठलेही असोत, जून ते सप्टेंबर बेळगावात मॅट वार्निशचा स्प्रे उघडूच नका. हवेतल्या ओलीने सगळी पलटण बुरशी लागल्यासारखी पांढरी पडते.

आणखी एक गोष्ट आहे, पण ती वयाची. आम्हा सगळ्यांना चाळिशी लागली, दोन्ही अर्थांनी. बहात्तर खेळताना दर चालीला “ही तुकडी कुणाची?” चालायचं. अठ्ठावीसमध्ये मिशीसुद्धा चष्म्याशिवाय दिसते.

तरीही, तुमच्याकडे हॉलभर जागा असेल, सैनिक घरातून हलणार नसतील आणि तुम्हाला कित्तूरच मांडायचं असेल, तर बहात्तर घ्या, मी अडवणार नाही. बाकीच्यांना म्हणेन, आधी अठ्ठावीसचे वीसच गडी घ्या. आठ-दहा रायण्णाचे, उरलेले कंपनीचे. दोन महिन्यांत रंगवून होतात आणि पुढचे तीन-चार शनिवार-रविवार त्यांच्यावर निघतात.

माझे बहात्तरचे माळ्यावर पडून आहेत, दोनशेच्या वर. कुणाला हवे असतील तर फुकट न्या. भाले वाकडे आहेत आणि बऱ्याच जणांना मुंडासं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.