ऑल-इन-वन सोलर दिवा घ्यावा, की पॅनेल-बॅटरी वेगळी?

सोसायटीच्या मागच्या गेटला सोलर दिवा हवाय म्हटलं की दुकानदार आधी ऑल-इन-वन दाखवतो. पॅनेल, बॅटरी, एलईडी एकाच डब्यात. खांबाला क्लॅम्प आवळला की झालं. खणणं नाही, वायरिंग नाही, चोरीला जाईल अशी बॅटरी खाली नाही. ठाण्यात मानपाड्याला आमच्याकडे असे चार लावले. दोन छान चालतात. बाकीचे दोन गुलमोहराखाली, रात्री दहालाच डोळे मिटायचे. दिवा जिथे हवा तिथे ऊन असेलच असं नाही, आणि येऊरचा डोंगर पश्चिमेला, त्यामुळे आमच्याकडे ऊन लवकर उतरतं.

दुसरी गोम कलाची. डबा रस्त्याच्या हिशेबाने झुकवला की पॅनेलचा कलही तोच ठरतो. ऊन दक्षिणेकडून, आणि पॅनेलचं तोंड भलतीकडे! वेगळं पॅनेल गच्चीवर दक्षिणेला तोंड करून १९-२० अंशांत बसवता येतं, कावळ्यांनी घाण केली तर पुसताही येतं.

खोक्यावर छापलेल्या मोठ्या वॅटला भुलू नका. २० वॅटचा दिवा १२ तास म्हणजे २४० वॅट-अवर. ४० वॅटचं पॅनेल साडेचार तासांच्या कडक उन्हात फार तर १८० देणार. उरलेलं सेन्सर भागवतो: कोणी नसलं की उजेड मंद. जुलैत तेही पुरत नाही.

मे महिन्यात एक डबा उतरवून उघडला. बॅटरी थेट पॅनेलच्या पाठीला चिकटवलेली, टेपचा गोंद वितळून ओघळलेला. उन्हात पॅनेल ६० अंशांवर सहज जातं. लिथियम सेलला ४५च्या पुढे चार्जिंग मानवत नाही. वेगळी बॅटरी जिन्याखाली सावलीत राहते, मेली तर १२.८ व्होल्टचा दुसरा पॅक लावता येतो. डब्यातली मात्र त्याच मापाची शोधत फिरा.

वेगळ्या जोडणीत खर्च आणि खटपट जास्त, हे खरं. वायरमध्ये कंजुषी नको: १२ व्होल्टवर २० वॅटच्या दिव्याला २५ मीटर दीड एमएमची (म्हणजे चौरस मिमी) वायर टाकली तर जवळपास एक व्होल्ट वाटेतच जातो. चार एमएम घ्या.

मोकळा रस्ता, उघडं पार्किंग असेल तर ऑल-इन-वन बिनधास्त घ्या. फक्त बॅटरी आणि पॅनेलमध्ये हवेला जागा आहे का ते दुकानातच डबा उघडून बघा. झाड किंवा टॉवरची सावली असेल तर वेगळंच. आम्ही ते दोन डबे पार्किंगच्या कडेला हलवले. गुलमोहराखालच्या दिव्याला आता गच्चीवरून वायर येते.