घरासाठी डेंड्रोबियम निवडताना: फॅलेनॉप्सिस गट की नोबिले गट?

डेंड्रोबियम या आमरीच्या (ऑर्किडच्या) प्रजातीत हजाराहून अधिक जाती असून त्या हिमालयाच्या उतारांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेल्या आहेत. रोपवाटिकेत मात्र त्यांतील बहुतेकांवर एकच चिठ्ठी लावलेली असते आणि घेणारा फुलाचा रंग पाहून कुंडी उचलतो. पुढे झाड हिरवेगार राहते, नवी कांडीही धरते, पण फुलत नाही, आणि दोष खताला दिला जातो. माझ्या मते अशा वेळी पहिली शंका हिवाळ्यातील रात्रीबद्दल घ्यावी. डिसेंबर-जानेवारीत आपल्या गॅलरीतील तापमान पहाटे किती खाली उतरते, हे ठाऊक असल्याशिवाय डेंड्रोबियम घेऊ नये. उन्हाळ्याची काळजी सावलीने आणि पाण्याने घेता येते, पण रात्रीचा गारवा विकत आणता येत नाही.

बाजारात प्रामुख्याने दोन गट मिळतात. फॅलेनॉप्सिस गटातील संकरांच्या मुळाशी डेंड्रोबियम बिगिबम आणि तिच्या जवळच्या उष्ण प्रदेशांतील जाती आहेत. बिगिबम ही ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याची पुष्पचिन्ह असलेली आमरी. नोबिले गटाचा उगम डेंड्रोबियम नोबिलेपासून झाला असून ही जाती सिक्कीमचे राज्यपुष्प आहे. एकीचे घर समुद्राजवळच्या उबदार पट्ट्यात, तर दुसरीचे पाऊस थांबल्यावर कोरड्या आणि थंड होणाऱ्या डोंगरउतारांवर. पुढचे सारे फरक यातूनच येतात.

फॅलेनॉप्सिस गटाला रात्रीचे तापमान १५ अंशांच्या वर असलेले मानवते. मुंबईत जानेवारीतही सरासरी किमान तापमान १६ ते १७ अंशांच्या आसपास राहते, त्यामुळे मुंबई, ठाणे, कोकण किनारा आणि गोवा येथे हाच गट निवडावा, असे मी निःशंकपणे सांगेन. थायलंडमधून जगभर गेलेली जांभळी-पांढरी ‘सोनिया’ आणि पांढरी ‘एम्मा व्हाइट’ ही याच गटातील सहज मिळणारी नावे आहेत. कांडीच्या शेंड्याजवळून लांब दांडा निघतो आणि एकेक फूल उमलत बहर सहा ते आठ आठवडे टिकतो. जुन्या, पाने गळालेल्या कांडीवरही पुन्हा दांडा येऊ शकतो, म्हणून ती वाळल्याखेरीज कापू नये. या झाडांना कडक विश्रांती लागत नाही. थंडीत पाणी थोडे कमी केले की पुरते. पुण्यात किंवा नाशिकमध्ये ती जगतात, मात्र रात्री १२ अंशांच्या खाली उघड्यावर ठेवली तर पाने पिवळी पडून गळू लागतात. तेथे थंडीच्या दिवसांत कुंडी रात्री घरात घ्यावी लागते.

नोबिले गटाचे गणित याच्या उलट आहे. पावसाळ्यात तो भराभर वाढतो, आणि पाऊस संपल्यावर नत्रयुक्त खत थांबवून, पाणी कांड्या सुरकुतणार नाहीत इतपतच ठेवून, काही आठवडे १० ते १३ अंशांच्या रात्री मिळाल्या, तर कांडीच्या पेरापेरांवर दोन-दोन, तीन-तीन फुलांचे झुबके येतात. गारवा मिळाला नाही आणि पाणी-खत चालूच राहिले, तर त्याच पेरांवर कळ्यांऐवजी पिल्ले, म्हणजे छोटी नवी रोपे, फुटतात. दुकानात बहरलेले नोबिले थंड हरितगृहात तयार झालेले असू शकते. ते मुंबईतील घरी आणल्यावर तो बहर छान टिकेल, पुढच्या वर्षीची खात्री मात्र देता येत नाही. पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात उघडी गॅलरी किंवा गच्ची असणाऱ्याने नोबिले अवश्य घ्यावे. गाव थंड असले तरी झाड रात्रभर बंद खिडक्यांच्या खोलीत राहणार असेल, तर त्या गारव्याचा त्याला काहीच उपयोग नाही, आणि तेव्हा फॅलेनॉप्सिस गटच बरा.

फुले नसताना ओळख पटवायची असेल तर कांडीकडे पाहावे. नोबिलेच्या कांडीची पेरे फुगीर असतात आणि पाने कांडीभर दोन्ही बाजूंना लागतात. फॅलेनॉप्सिस गटाची पाने जाड, चिवट आणि बहुधा वरच्या भागात असतात.

या दोहोंपलीकडे दोन पर्याय विचारात घेण्याजोगे आहेत. पिळदार पाकळ्यांच्या, हरणाच्या शिंगांसारख्या दिसणाऱ्या फुलांचा अँटिलोप गट कडक प्रकाश आणि उकाडा सहज सोसतो, पण उंच वाढत असल्याने त्याला लहान गॅलरी पुरत नाही. अ‍ॅनोस्मम ही लोंबत्या कांड्यांची सुगंधी जाती हिवाळ्यात पाने गाळते; तिला गारव्यापेक्षा कोरडेपणा महत्त्वाचा असल्याने किनारपट्टीवरही ती फुलू शकते. नोबिलेसारखा पेरापेरांवरचा बहर हवा असलेल्या मुंबईकराने हिचाच विचार करावा.

प्रकाशाची गरज सर्वांनाच मोठी आहे. पूर्वेकडील गॅलरी उत्तम. पश्चिमेकडे दुपारसाठी ५० टक्क्यांची शेडनेट लावावी, आणि विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत ती कोणत्याही दिशेला लागतेच. पान गडद हिरवे असेल तर ऊन कमी पडते आहे, किंचित पिवळसर हिरवे असेल तर ते योग्य आहे. कुंडी झाडाच्या मानाने लहान आणि भरपूर भोकांची असावी, आणि तीत कोळसा, विटांचे तुकडे व नारळाचे सोडण भरावे. माती मुळीच घालू नये. कोकणच्या पावसात सोडण फार काळ ओले राहते, म्हणून तेथे कोळशाचे प्रमाण वाढवावे. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तेच सोडण उपयोगी पडते. नव्या कोंबाच्या पोंग्यात पाणी साचून कुजण्याचा धोका पावसाळ्यात सर्वाधिक असतो, त्यामुळे कुंडी वळचणीखाली, पण खेळत्या हवेत ठेवावी.

सह्याद्रीत हिवाळ्याच्या अखेरीस बिनपानांच्या कांड्यांवर पांढऱ्या फुलांनी बहरणारे डेंड्रोबियम बार्बाट्युलम पाहिले की ते घरी असावे असे कोणालाही वाटेल. ते झाडावरून काढून आणू नये, आणि रस्त्याकडेला जुड्या बांधून विकली जाणारी जंगली रोपेही घेऊ नयेत. ती बहुधा मुळे तुटलेली असतात, आणि प्रत्येक खरेदीबरोबर जंगलातील आणखी एक फांदी रिकामी होते. रोपवाटिकेत वाढवलेले, कुंडीत घट्ट बसलेले, हिरव्या टोकांची मुळे आणि निदान एक नवा कोंब असलेले रोप निवडावे, आणि विक्रेत्याला संकराचे नाव विचारून ते कुंडीवर लिहून घ्यावे.